दर रविवारी विहिरीत पडणारा बैल

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्हा ख्रिस्ती लोकांची आठवण पेपरवाल्यांना २५ डिसेंबरला येते. चांदणी, केक, लाल टोपीतली पोरं. तक्रार नाही, फोटो छान येतात. पण हे पत्र मी मुद्दाम जानेवारीत लिहितो आहे. नाताळात आम्ही सगळेच भाविक असतो. आमची परीक्षा कापूस फुटल्यावर सुरू होते.

मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. सात एकर वावर, कापूस आणि तूर, एक बैलजोडी. घरात प्रभूचे नाव तीन पिढ्यांपासून आहे. यवतमाळला १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी सायकलवर येऊन आमच्याकडे भाकर-चटणी खाऊन गेलेले मला आठवतात. आई दळण निवडायला बसली की पहिली मूठ चर्चच्या डब्यात टाकायची. डबा आधी, सूप नंतर. काही वर्षी ज्वारी पुरत नसे, पण ती मूठ लहान झालेली मी पाहिली नाही.

त्या आईचा मी मुलगा, आणि २०२४ च्या हंगामात माझे असे झाले. दसऱ्यानंतरच्या रविवारी आभाळ भरून आले. वावरात बोंडं फुटून कापूस लोंबत होता. मी चर्चला गेलो नाही, बाया लावल्या आणि वेचून घेतला. मनाला आधार शास्त्राचाच दिला. बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात, प्रभू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना विचारतो, शब्बाथाच्या म्हणजे विसाव्याच्या दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही काय? माझा बैल पडला होता, मी काढला. त्यात काही चुकले असे मला आजही वाटत नाही. पण पुढच्या रविवारी आभाळ निरभ्र होते, तरी बाया मिळाल्या म्हणून वेचणी लावली. त्याच्या पुढच्या रविवारी जिनिंगवर गाडी न्यायची होती. घरची एकटीच चर्चला जायची. एकदा चप्पल घालता घालता म्हणाली, "अवो, तुमचा बैल दर ऐतवारीच कसा काय इहिरीत पडते?"

मला राग आला. राग खरा कशाचा होता ते नाताळच्या आदल्या दिवशी कळले. हिशेबासाठी वेचाईची वही काढली. कोणत्या बाईने कोणत्या दिवशी किती किलो वेचला, हे त्यात तारीखवार असते. दसऱ्यापासून अकरा रविवार झाले होते. आठ रविवारी माझ्याच अक्षरात किलो लिहिलेले होते.

आपले वाचक मोबाईलच्या नादाबद्दल लिहितात. दारू, पत्ते, मोबाईल यांपासून सांभाळा, असे चर्चमध्येही सांगतात. सांगावे. पण मला देवापासून दूर नेले ते कोणत्याही व्यसनाने नाही, कामाने. या, २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट, म्हणजे विक्रीची ठरलेली वेळ, घ्यावा लागला. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि दिवाळीत खुल्या बाजाराचा भाव त्याच्या बराच खाली होता. म्हणजे मोबाईल बघणे हेही शेतीचेच काम झाले. पहाटे पाचला उठतो, स्लॉट बघतो, मग हवामान, मग भाव, मग कुठल्यातरी शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा व्हिडिओ. सहा वाजतात. प्रार्थना राहून जाते, आणि दिवसभर वाटत राहते की आपण काही वाईट केलेले नाही.

बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात काटेरी झुडपांत पडलेले बी उगवत नाही असे नाही. उगवते, वाढते आणि मग गुदमरते. ती झुडपे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह, हा अर्थ प्रभूनेच सांगितला. कोरडवाहू शेतकऱ्याला यावर प्रवचन लागत नाही. जुलैत आठ दिवस झड लागली, निंदण राहिले, की कापसाला दिलेला युरिया खाऊन तणच आधी वर येते. मुरमाड टेकाडावर ते एवढे माजत नाही. खत पडते तिथेच माजते.

माझ्या शेजाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. कार्तिक महिनाभर तो पहाटे काकड्याला जातो, मग वावरात. आणि कार्तिक म्हणजे नेमकी वेचणीची घाई. पोळ्याचेही तसेच. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून गाव म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." दुसऱ्या दिवशी कितीही काम पडलेले असो, कोणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. मीही ठेवत नाही. पण शब्बाथाच्या आज्ञेत दास, दासी आणि गुरेढोरे यांनाही विसावा सांगितला आहे, तो भाग मी नुसता पाठ केला होता.

या हंगामात ठरवले: रविवारी दुपारी बारापर्यंत वेचणी नाही, माझी नाही आणि बायांचीही नाही. बाया खूश होतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, "आमाले तुमचा ऐतवार काय कामाचा? बाजाराच्या दिवशी चुकारा कमी पडते." खरेच होते. मजुरी किलोवर असते, अर्धा दिवस गेला की अर्धे पैसे गेले. तिघी दुसऱ्याच्या वावरात गेल्या. मग रविवारच्या वेचाईला किलोमागे दोन रुपये वाढवून दिले. देवाला पहिला ठेवायचा तर माझ्या खिशातून ठेवावा, बाईच्या चुकाऱ्यातून का?

आणि ऑक्टोबरच्या शेवटी, आम्ही उपासनेत बसलेलो असताना पाऊस आला. फुटलेला कापूस भिजला, पिवळा पडला, कवडी झाला. साक्ष देताना लोक सांगतात की देवाने दुपटीने भरून दिले. मला अजून काही भरून मिळालेले नाही. कवडी कापूस खाजगीत मिळेल त्या भावाने देऊन टाकला. चर्चमधून येताना बांधावर उभा राहून मी घरचीला म्हणालो, "आज बैल खराच पडला होता."

ती म्हणाली, "मंग काढाचा होता ना."

तीन महिने झाले, तिला काय उत्तर द्यावे ते सुचलेले नाही. तिसरी वेचणी शुक्रवारपासून लावली आहे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ