ताई, तुम्ही आधी हात धुतलेत

प्रिय फिजिओताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण परवा लेकीच्या बॅलेच्या बाईंनी तिला बार, म्हणजे आधाराची दांडी, धरून पॉइंट शूजवर उभं केलं, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचायच्या त्या कडक बुटांवर. जेमतेम मिनिटभर. मी दाराच्या काचेतून बघत होते आणि डोळ्यांपुढे मात्र तुमच्या क्लिनिकमधलं बेसिन होतं. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय.

दीड वर्षापूर्वी ती साडेदहा वर्षांची होती. आधीच्या क्लासचं गॅदरिंग जवळ आलेलं, स्टेजवर चार मुली पॉइंटवर हव्या होत्या, म्हणून हिलाही शूज घ्यायला लावले. पाय हातात घेऊन कुणी बघितला नाही. मीही कौतुकाने पैसे मोजून मोकळी झाले, तो दोष माझाच. तिसऱ्याच तासाला घोटा बाहेरच्या बाजूला मुडपला. क्लासमधून नंतर फोन आला तो तिची चौकशी करायला नाही, कॉस्च्यूमचे पैसे परत मिळणार नाहीत हे सांगायला!

मग एक मोठे डॉक्टर. एक्स-रे पाहिला, हाड शाबूत आहे म्हणाले आणि मान वर न करता सल्ला दिला, "कशाला हे गोऱ्यांचे नाच? कथ्थक लावा." कथ्थकला पाय लागत नाहीत जणू. लेक घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा ते शूज तिने कापडी पिशवीत तळाशी दडवले होते. तुम्ही म्हणालात, "बघू तरी." ती ओशाळून बाहेर काढायला लागली तशा तुम्ही उठलात, बेसिनवर हात धुतलेत, नॅपकिनला कोरडे केलेत आणि मग दोन्ही हात पुढे केलेत. "सॅटिनला डाग पडतो ना," एवढंच म्हणालात.

ताई, त्या क्षणी पोरीचा चेहरा बदलला. तोवर सगळ्यांनी ते तिचं खूळ ठरवलं होतं. तुम्ही शू असा धरलात जसा एखाद्या वादकाचा तंबोरा धरावा. वर कबूलही केलंत की असला बूट पहिल्यांदाच हातात घेतेय, मला आठ दिवस वाचायला द्या. इतकी वर्षं प्रॅक्टिस झालेल्या माणसाने बारा वर्षांच्याही आतल्या मुलीसमोर "मला माहीत नाही" म्हणणं मी आजवर पाहिलं नव्हतं.

पुढचा कडक भाग दाबून तुम्ही विचारलंत, "आत लाकूड आहे का?" झालं, बाईसाहेब सुटल्या! लाकूड नाही, कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून वाळवतात. १८३२ मध्ये पॅरिसला मारी टॅलिओनी ही बॅले नर्तकी टोकावर नाचली तेव्हा तर हेही नव्हतं, नुसते मऊ सॅटिनचे बूट, पुढून दोऱ्याने रफू केलेले. तुम्ही विचारलंत, "मग ती उभी कशाच्या जोरावर राहिली?" लेक जरा थांबून म्हणाली, "पायाच्या." "मग आपण तोच तयार करू," म्हणालात.

पुढचे अकरा महिने आमच्या घरात काय चाललं ते शेजाऱ्यांना विचारा. दात घासायचे ते एका पायावर. बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलायची. ऐकायला काहीच नाही, मी करून बघितलं तर पायात गोळा आला. दोन घोट्यांमध्ये टेनिसचा चेंडू धरून टाचा उचलायच्या, चेंडू पडला की घोटा बाहेर गेला. तो चेंडू सोफ्याखालून काढून काढून आजीची कंबर धरली. पहिल्या दिवशी एका पायावर नऊ वेळा टाच उचलून पोरगी थकली होती. बारावं लागलं तेव्हा आता पॉइंटला हो म्हणाल म्हणून आम्ही पेढे घेऊनच आलो, तर तुम्ही मोजलंत: उजवा पंचवीस, डावा सतरा. "डावा अजून तयार नाही. वाढदिवस झाला हे पायाला कुठे ठाऊक असतं?" पेढा खाल्लात, पण हो म्हणाला नाहीत. ती रडली, मला रागही आला. आज त्या नकाराचेही आभार.

आणि डाव्यानेही पंचवीस गाठल्यावर म्हणालात, "पायाचं मी सांगितलं, नाचाचं तिच्या बाई सांगतील." आपलं काम कुठे संपतं हे कळणारी माणसं किती कमी झालीयत हो! आमच्या कोपऱ्यावरचा चांभार तसा आहे, जमणार नसेल तर चप्पल परत देतो आणि जमणाऱ्याचा पत्ता सांगतो. भिंतीवर एकही सर्टिफिकेट नाही त्याच्या.

ते जुने शूज आता तिला होत नाहीत. नवे मापाने आणले, रिबिनी मी शिवल्या, दोनदा उसवून. काल संध्याकाळी आजीने बघू म्हणत हात पुढे केला, तर कार्टी शूज छातीशी धरून म्हणते, "आजी, आधी हात धुऊन ये."

तुमची,
चेंडूवाल्या मुलीची आई