नसलेलं नाक तुटलं म्हणून वॉरंटी नाकारल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिननाकाच्या सायकल सीटचा कल धरून न ठेवणारा बोल्ट

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला. दावा फेटाळला आहे, कारण म्हणे ‘फोटोत सीटचा पुढचा भाग तुटलेला दिसतो’.

अहो, पुढचा निमुळता भाग, म्हणजे सीटचं नाक, तुम्हीच ठेवलेला नाही! खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेच छापून सीट विकता. हे सांगितलं तर पलीकडून उत्तर, “सर, तुटलेला तुकडा जपून ठेवा, तपासणीला लागेल.” म्हटलं, ही येतेच अशी. “मग डिलिव्हरी घेतानाच कळवायचं ना सर?” पुढे ‘वरिष्ठांना विचारतो’ म्हणून गाणं लावलं, ते बराच वेळ वाजलं, आणि परत येऊन प्रश्न काय, तर “सायकल कुठे आपटली होती का?” वरिष्ठांनीही ही सीट कधी पाहिलेली नसावी.

आता मूळ तक्रार, जी कुणी ऐकूनच घेतली नाही. कल पक्का करणारा बोल्ट कितीही आवळा, दोन खड्डे गेले की सीट पुढे झुकते. साध्या सीटवर हे एक वेळ निभावतं. इथे पुढे अडवायला काहीच नाही. माणूस घसरतो, पाय ताठ करून स्वतःला मागे रेटतो आणि सगळा भार मनगटांवर. सीट पातळीत असली तरी हातांवर थोडं जास्त वजन येतं, मांड्यांनी सायकल सावरता येत नाही, हात सोडून चालवणं तर विसराच. ते सगळं मान्य करून घेतली होती, हँडलही वर केलं. कारण फायदा खरा आहे. वजन बसायच्या हाडांवर येतं, मधल्या नसा-रक्तवाहिन्या दबत नाहीत, माझा बधिरपणा गेला. अमेरिकेत नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने अशा सीट दिल्या. २००८ साली छापलेल्या निष्कर्षांत बधिरपणा जाणवत नाही म्हणणारे २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेले. इतकी चांगली कल्पना तुम्ही एका भिकार बोल्टापायी मातीत घातलीत.

पुन्हा लिहितो: नाक तुटलेलं नाही. बोल्ट सरकतो. बोल्ट.

नवा क्लॅम्प बोल्टासकट पाठवा, नाहीतर सीट नेऊन पूर्ण पैसे परत करा. आठ दिवसांत हालचाल दिसली नाही, तर तुमच्याच जाहिरातीतल्या फोटोखाली हे सगळं संभाषण शब्दशः टाकीन. आणि कृपया फोन करू नका, लेखी कळवा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक