मळीचा पूर आणि गेलेले अकरा दिवस

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरवडा लागला, रागावू नकोस. कारण तेच, लोकांचे प्रश्न. इतिहासातल्या आडबाजूच्या गोष्टींची उत्तरं देऊन कंटाळत नाहीस का, असं तू विचारलंस. छे रे! परवाचाच प्रश्न बघ, एका ओळीचा: मळीच्या पुरात माणसं मेली, हे खरं का?

खरं. बोस्टन, १५ जानेवारी १९१९. पन्नास फूट उंच टाकी फुटली आणि तेवीस लाख गॅलन मळी रस्त्यांवर लोटली. २१ माणसं गेली. एवढं लिहून मोकळा झालो असतो, पण हसू येतं ते मळीचं, आणि मला सांगायचं होतं टाकीचं. ती आधीपासून गळत होती. आसपासची पोरं गळणारी मळी डब्यांत भरून न्यायची. मालकांनी काय करावं? टाकीला तपकिरी रंग फासला, ओघळ दिसू नयेत म्हणून! बांधकामावर ज्याची देखरेख, त्याला नकाशे वाचता येत नव्हते. पाणी भरून चाचणी घ्यायची, तर तळाला सहा इंच पाणी सोडून भागवलं. वर कंपनी म्हणते, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. वर्षानुवर्षं सुनावणी चालली, १९२५ साली ठपका कंपनीवरच आला. माझं उत्तर चार पानी झालं. विचारणाऱ्यानं ते वाचलं की नाही, देव जाणे.

‘नाही’ म्हणायचं असतं तेव्हा मात्र जिवावर येतं. एकीनं विचारलं, १७५२ साली ब्रिटननं कॅलेंडर बदललं तेव्हा ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून दंगली झाल्या ना? २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, हे खरंच. पण दंगलींचा पुरावा नाही. ती घोषणा होगार्थ या इंग्रज चित्रकाराच्या निवडणुकीवरच्या चित्रात एका फलकावर आहे, तिथूनच ही दंतकथा फोफावली. बाई हिरमुसली असणार, असं मी धरून चाललो होतो. तर दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न: ‘मग त्या महिन्याचं भाडं लोकांनी पूर्ण भरलं की अकरा दिवस वजा करून?’

अरे, काय प्रश्न आहे! कायदा काढून बसलो. भाडी नि देणी बदललेल्या तारखेमुळे आधी वसूल करायची नाहीत, अशी तरतूद त्यातच सापडली. म्हणून तुझं पत्र राहिलं.

तुझाच,
मी