मे महिन्यात या, आल्बारासीन दाखवते

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "तू फिर, आम्ही फोटो बघतो. आमचं आता कुठलं येणं!" तेव्हा मी काही बोलले नाही. फोनवर तुमच्याशी हा विषय काढला की दोन मिनिटांत तो पाऊसपाण्यावर जातो. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. सवड मिळेल तेव्हा मी इथून स्पेनच्या डोंगरातल्या आल्बारासीन गावाला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथल्या वाटा मी तुमचा विचार करत चालते, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. आईला मध्येच टेकायला जागा आहे का, बाबांच्या गुडघ्याला हा उतार झेपेल का, गाडी कुठपर्यंत जाते, हे सगळं मी बघून ठेवलं आहे.

माझ्या वॅलेन्सिया शहरातली ती लांबलचक बाग तुम्ही फोटोत पाहिली आहे. ते तूरिया नदीचं जुनं पात्र. ऑक्टोबर 1957 मध्ये नदीला मोठा पूर आला, शहरात खूप माणसं गेली, आणि त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रात आता झाडं आणि पायवाटा आहेत. तिथून रोज संध्याकाळी चालताना मला सारखं वाटायचं की ही नदी मुळात येते तरी कुठून. वर तेरुएल प्रांताच्या डोंगरात तिला ग्वादालाव्यार म्हणतात आणि आल्बारासीन तिच्याच एका वळणावर, कड्यावर बसलेलं आहे. माझ्या घरून गाडीने अडीच तास लागतात. रस्ता चांगला आहे, आईला गाडी लागणार नाही. शेवटचा थोडा भाग तेवढा वळणांचा.

गाव जेमतेम हजार वस्तीचं, साधारण 1,170 मीटर उंचीवर. घरं तांबूस. तिथल्या मातीतल्या जिप्समचा गिलावा आहे तो, वरून दिलेला रंग नव्हे. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वरचे मजले इतके पुढे आलेले, की दोन्हीकडच्या वळचणी एकमेकींना टेकायच्या बेताला आल्यात. दारांवरच्या कड्या आईने बघायलाच हव्यात. लोखंडाच्या, सरड्यासारख्या किंवा छोट्या ड्रॅगनसारख्या, शेपूट वळवून बसलेल्या. काही घरांच्या कड्या पिढ्यान्‌पिढ्यांचे हात लागून गुळगुळीत झाल्या आहेत. मला त्या गावातल्या सगळ्या मोठ्या वास्तूंपेक्षा जास्त आवडतात.

इतिहास थोडक्यात सांगते. बानू राझिन या मूळच्या उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर घराण्याचं इथे छोटं राज्य होतं, गावाचं नावही त्यांच्यावरूनच. त्यांच्यानंतर नावारेकडून आलेल्या आसाग्रा सरदारांकडे गाव गेलं. एका बाजूला कास्तियाचं राज्य, दुसऱ्या बाजूला आरागोनचं, आणि हे सरदार दोघांनाही न जुमानता स्वतःला फक्त सांता मारियाचे, म्हणजे येशूच्या आईचे, मांडलिक म्हणवून घेत. शेवटी 1284 मध्ये आरागोनच्या तिसऱ्या पेद्रोने वेढा घालून गाव घेतलं. गावामागच्या टेकडीवर चढत गेलेली तटबंदी आणि माथ्यावरचा आंदादोर बुरूज अजून शाबूत आहे. तो चढ बाबांसाठी नाही. खालून, चौकातूनही तट पूर्ण दिसतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. गावापासून खाली हेआ नावाचं खेडं आहे. तिथे रोमन काळातला कालवा आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. लांबी सुमारे 25 किलोमीटर. ग्वादालाव्यारचं पाणी आल्बारासीनजवळ उचलून सेया गावच्या सपाटीवर नेलेलं. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. ग्वादालाव्यार जाते भूमध्य समुद्राला, वॅलेन्सियावरून. सेयाचं पाणी उतरतं हिलोका नदीत आणि तिथून पुढे एब्रोच्या खोऱ्यात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेलं! पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या सगळ्या मित्रांना हे सांगा.

बरंच अंतर कालवा डोंगराच्या पोटातून जातो. वरून ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खोदायच्या, मग तळातून दोन्हीकडे खणत जाऊन त्या जोडायच्या, अशी त्यांची रीत. जिथे बोगदा कड्याच्या कडेने जातो तिथे विहिरीऐवजी बाजूलाच खिडक्या पाडल्या आहेत, राडारोडा बाहेर टाकायला आणि हवा-उजेड आत यायला. त्या एका भागात आत शिरता येतं. माणूस उभा चालेल एवढी उंची आहे. मी भिंतीवर हात ठेवला तर हत्यारांचे तिरपे घाव बोटांना लागत होते, सगळे एकाच दिशेने, म्हणजे खणणारा कुठल्या बाजूने आला तेही कळतं. खिडकीतून खाली घळ दिसते. मी तिथे बराच वेळ उभी होते आणि मनात तुमचेच प्रश्न येत होते. उतार किती ठेवला असेल, लेव्हल कशी धरली असेल, गाळ कोण काढत असेल. हेआ गावात या कालव्याचं छोटं माहिती केंद्र आहे, तिथे नकाशे आणि छेद मांडलेले आहेत. तुम्ही तिथून लवकर निघणार नाही, म्हणून ती सकाळ मी पूर्ण मोकळी ठेवणार आहे.

आई, तुझ्यासाठी दुसरी जागा. गावापासून काही किलोमीटरवर रोदेनोचं पाइनचं जंगल आहे. तांबडा वालुकाश्म, ट्रायासिक काळातला, म्हणजे जवळजवळ पंचवीस कोटी वर्षांचा, आणि त्याच्या फटीफटींतून उगवलेली राळेची पाइन झाडं. उन्हं वर आली की राळेचा वास पसरतो. तरुण मुलं पाठीवर मोठ्या गाद्या बांधून हिंडताना दिसतील, घाबरू नकोस. ती दोराशिवाय दगडांवर चढतात आणि खाली पडायला गादी अंथरतात.

या जंगलात प्रादो देल नावासो नावाची जागा आहे. गाडी ठेवली की थोडंसंच चालायचं, वाट सपाट. एका कपारीत लोखंडी जाळीमागे बैलांची चित्रं आहेत. किती हजार वर्षांपूर्वीची, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. या भागातल्या अशा चित्रांत बहुतेक ठिकाणी तांबडा रंग असतो, इथे मात्र बैल पांढरे आहेत, कारण खडकच तांबडा! पहिल्यांदा जाळीशी गेलीस तर काहीच दिसणार नाही. थोडं थांबायचं, डोळे स्थिरावू द्यायचे. मग एक पाठीची रेघ दिसते, मग शिंगं, मग पोटाचा फुगार, आणि बघता बघता रांगच उभी राहते. मध्ये धनुष्य घेतलेल्या बारक्या माणसांच्या आकृतीही आहेत. तू वर्गात मुलांना सांगायचीस ना, जनावर काढताना आधी पाठीची रेघ पकडा, बाकीचं मागून येतं. इथे तेच केलंय, एका दमात ओढलेली रेघ. तू ती बघावीस असं मला फार वाटतं.

ही चित्रं 1892 मध्ये एदुआर्दो मार्कोनेल यांनी उजेडात आणली. तेव्हा उत्तर स्पेनमधल्या आल्तामिराच्या गुहेतली चित्रं प्राचीन आहेत यावरही मोठमोठ्या पंडितांचा विश्वास नव्हता, तो बसायला 1902 साल उजाडलं. 1998 पासून ही सगळी चित्रं युनेस्कोच्या यादीत आहेत.

गावाच्या पायथ्याशी नदीकाठानेही एक फेरी आहे, कड्याला ठोकलेल्या लोखंडी फळ्यांवरून आणि झुलत्या पुलांवरून. त्यातला सोपा तुकडा आपण करू, उरलेला मी आणि आई. बाबांनी तोवर खाली कॉफी घ्यावी.

गावाची निगा कशी राखतात तेही तुम्हाला दाखवायचं आहे. या डोंगरातून माणसं शहरांकडे गेली, खेडी ओस पडली. आल्बारासीनमध्ये सांता मारिया फाउंडेशन 1996 पासून जुन्या इमारती दुरुस्त करतं आणि त्या वापरात ठेवतं. कुठे मुक्कामाची खोली, कुठे सभागृह, कुठे संग्रहालय. घर दुरुस्त केलं आणि कुलूप लावलं, असं होत नाही. मला हे फार पटतं. आपल्या गावच्या वाड्याबद्दल काका जे म्हणतात त्यावर बोलायचं आहे, पण समोरासमोर.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी माणसाला त्या गावात हॉटेलात फारसं काही मिळत नाही. पाव, तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज, बटाट्याचं ऑम्लेट, एवढंच. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचं. तांदूळ, डाळ, बेसन मी इथूनच नेईन. मेमध्येही रात्री गार असतात, तेरुएलची थंडी स्पेनभर प्रसिद्ध आहे, तेव्हा आईची जाड शाल हवीच.

आणि परत येताना बुधवारी वॅलेन्सियात पोचायचं. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याचं न्यायालय भरतं. तूरियाच्या आठ कालव्यांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे डगले घालून गोल बसतात. कुणी पाळी मोडली, कुणी पाणी चोरलं, सगळं तोंडी ऐकायचं आणि तिथेच निकाल द्यायचा. वकील नाही. कित्येक गुरुवारी तक्रारच नसते आणि पाच मिनिटांत आटोपतं. बाबा, पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या पाणीवाटपाचे, पाटकऱ्यांचे किस्से तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलेत. त्या दारात तुम्ही उभे असावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता कामाचं. बाबा, गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, सपाटीवर तासभर चालणं चालेल का. तेवढं पुरेसं आहे. आई, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठव. व्हिसासाठी माझ्याकडून लागणारी कागदपत्रं मी तयार करते, त्यालाच वेळ लागतो. बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि रोज संध्याकाळी घालून चालत जा, प्रवासात नवा बूट चावतो. मेचा दुसरा आठवडा मी सुट्टीसाठी मागून ठेवला आहे.

तुमची,
मीनल