दोन वर्षांची कंपनी, तीन वर्षांची उलाढाल

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिल्लीत भारत मंडपममध्ये 3 ते 5 एप्रिल 2025 ला स्टार्टअप महाकुंभ, म्हणजे नव्या कंपन्यांचे प्रदर्शन, झाला. तिथे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल जे बोलले त्यावर आपल्या अंकात पत्रे येत आहेत. आपली पोरं आइस्क्रीम आणि जेवण घरपोच करण्यात गुंतली आहेत, तिकडे चीन रोबो, बॅटऱ्या आणि चिप बनवतोय, असा त्यांचा सूर होता. त्यावर दीड लाख लोक आमच्यामुळे कमावतात, असे उत्तर किराणा घरपोच करणाऱ्या झेप्टोच्या संस्थापकाने दिले. कुणी याच्या बाजूने लिहितो, कुणी त्याच्या. मी त्या दिवशी तिथेच होतो. भाषण मात्र ऐकले नाही. मंत्री बोलत होते तेव्हा मी आमच्या टेबलाखाली बसून सेन्सरची वायर सोलत होतो.

मी आयटीआयचा वायरमन, वय 53. कुपवाड एमआयडीसीत वीस वर्षे मोटारी रिवाइंड केल्या. दोन वर्षांपूर्वी माझा भाचा आणि त्याचा मित्र, दोघे इंजिनिअर, यांनी पाण्याच्या टाकीसाठी यंत्र बनवणारी कंपनी काढली आणि मला ओढले. कंपनीत टाकीच्या शिडीवर चढणारा मी एकटाच.

आमचे यंत्र गावच्या पाण्याच्या टाकीवर बसते. टाकी गावात, विहीर दोन-तीन किलोमीटर लांब. पाणी सोडणारा माणूस अंदाजाने मोटार चालू-बंद करतो. अंदाज चुकला की टाकी तासभर वाहते, नाहीतर विहिरीचा तळ लागतो आणि मोटार कोरडी चालून जळते. (जळली की माझ्याकडे यायची, म्हणून खरे तर मी माझ्याच धंद्यावर कुऱ्हाड मारतोय.) आम्ही टाकीतली पातळी रेडिओने विहिरीवरच्या पॅनेलला कळवतो. 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, लायसन्स लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. पहिला सेन्सर आवाजाच्या लहरींवर चालणारा होता. पोरांच्या टेबलावर झकास चालला. बंद टाकीत झाकणाला घाम सुटतो, तसा तो सेन्सरच्या तोंडावरही सुटला आणि अर्धी रिकामी टाकी भरलेली दाखवू लागला. चार वेळा शिडी चढून मी तो पुसला. पाचव्या वेळी खाली उतरून पोरांना सांगितले, आता पाण्यात बुडणारा, दाब मोजणारा सेन्सर आणा, मी परत वर जाणार नाही. आज तोच आहे.

गोवा एक्स्प्रेसने मिरजेहून निजामुद्दीनला गेलो. सोबत ॲक्रिलिकच्या दोन टाक्या, फिश टँकचा पंप आणि स्टार्टरचे पॅनेल. पॅनेल बर्थखाली बसेना, म्हणून दोन रात्री ते माझ्या पायथ्याशी झोपले.

एवढे मोठे प्रदर्शन मी जन्मात पाहिले नव्हते. एकेका दालनात आमची अख्खी एमआयडीसी मावेल. आमच्या वाट्याला एक टेबल आणि मागे फ्लेक्स. पोरांनी छापून आणलेला टी-शर्ट मलाही घातला, तो पोटावर जरा तंगच झाला. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न: यात एआय आहे का? भाच्याने दुपारपर्यंत खरे उत्तर दिले. दुपारनंतर तो ‘रोडमॅपमध्ये आहे’ म्हणू लागला. एका सुटाबुटातल्या गृहस्थाने विचारले, एक्झिट काय? मी त्यांना दाराकडे बोट दाखवले. पोरांनी नंतर समजावले की ते गुंतवणुकीचे पैसे परत कसे सुटणार हे विचारत होते.

दुसऱ्या दिवशी गर्दी इतकी, की मोबाइलच्या नेटवर्कने जीव सोडला. स्क्रीनवरचा पाण्याच्या पातळीचा आलेख गोल गोल फिरत राहिला. पोरांचे चेहरे उतरले. मी लॅपटॉप मिटला, पॅनेलवरचा लाल दिवा आणि बझर जोडला आणि पंप चालू केला. वरची टाकी काठाला आली, कॉन्टॅक्टर (पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) ‘खट्’ करून पडला, पंप थांबला, बझर वाजला. रेडिओला नेटवर्कशी देणेघेणे नव्हतेच. त्या बझरला आलेख बघायला आली नव्हती एवढी माणसे जमली.

त्यातच हरियाणाच्या एका गावचे सरपंच होते. धोतर, फेटा, सोबत नातू. त्यांनी एआय विचारले नाही. विचारले, लाइट जाऊन आली तर मोटार आपोआप सुरू होईल का? एक फेज गेला तर? माकडाने वायर तोडली तर? माकडाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, तसे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘लगा के दिखाओ. चल गया तो पैसे, नहीं चला तो चाय.’

तीन दिवसांत 214 व्हिजिटिंग कार्डे जमली. परत आल्यावर सगळ्यांना फोन केले. कॉलेजची मुले, कर्ज देणारे, वेबसाइट बनवून देतो म्हणणारे. खरेदीचे बोलणारे ते सरपंच एकटेच.

आता मूळ मुद्दा. मंत्री म्हणाले त्यातले निम्मे मला पटते. डबे पोचवण्यापेक्षा अवघड कामे पोरांनी करावीत. पण डब्याला गिऱ्हाईक पहिल्या दिवशी मिळते, टाकीच्या सेन्सरला कोण देणार? गावची पाणी योजना म्हणजे सरकारच, दुसरे गिऱ्हाईक नाहीच. केंद्राच्या खरेदीत मान्यताप्राप्त स्टार्टअपला आधीच्या अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येते, बयाणा रक्कम, म्हणजे टेंडर भरतानाची अनामत, हीही माफ असते. मालाच्या दर्जात सूट नाही, आणि नसावीच. आम्हाला मान्यता आहे, प्रमाणपत्र फ्रेम करून लावले आहे. ते घेऊन आम्ही आमच्या भागातल्या एका कार्यालयात गेलो. टेंडरमध्ये तीन वर्षांची उलाढाल आणि अशाच कामाचा पूर्वानुभव मागितला होता. दोन वर्षांच्या कंपनीने तीन वर्षांची उलाढाल कुठून आणायची? साहेबांनी प्रमाणपत्र वाचले, छान आहे म्हणाले, आणि परत दिले. म्हणे, नियम केंद्राचा आहे, आमच्या टेंडरच्या मसुद्यात ती ओळ नाही. दुसऱ्या दोन ठिकाणीही तेच.

आपल्याच राज्यात महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या कंपन्यांना सरकारी खात्यात काम करून दाखवायला 15 लाखांपर्यंतची ऑर्डर देत आले आहेत. मला ही सगळ्यात शहाणी योजना वाटते, कारण त्यात बक्षीस नाही, काम आहे. पण एका फेरीत निवडत आले 24. तेच प्रत्येक जिल्हा परिषदेने का करू नये? 15 लाख नकोत. दोन टाक्या द्या, सहा महिने द्या, वाहून गेलेले पाणी आणि जळलेल्या मोटारी आधी-नंतर मोजा. नाही चालले तर आमचे सामान आम्ही काढून नेतो. शिडी मीच चढणार आहे.

वरच्या तीनपैकी एका ठिकाणचे टेंडर पुन्हा निघाले आहे. अट तीच. मुदत येत्या सोमवारी संपते. त्या दिवशी मी हरियाणात असेन, वेटिंग 43 आहे ते कन्फर्म झाले तर. माकडासाठी वायरवर जीआय पाइप चढवून नेतोय.

आपला,
एक वायरमन, कुपवाड (जि. सांगली)