एक फुटाची सवलत आणि झिजणारा तट

संपादक महोदय,

प्राचीन वसाहतींच्या बातम्या येतात त्या बहुधा खापरे, मणी आणि दफनांच्या. वसाहतीभोवतीचा मातीचा तट आणि खंदक मात्र संरक्षित क्षेत्रातही नांगराखाली झिजू शकतो, आणि तेही कायदा न मोडता.

१९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमाचे कलम १९ संरक्षित क्षेत्रात विनापरवाना बांधकाम, खोदकाम करू देत नाही. शेतीला मात्र पृष्ठभागापासून एक फुटापर्यंत मोकळीक आहे. पण कोणत्या वर्षीचा पृष्ठभाग? नांगरलेली माती पावसाने खंदकात उतरते, तटाचा माथा बोटभर खचतो आणि पुढच्या हंगामात तोच फूट कधीही न हललेल्या थरात शिरतो. उसासाठी चालणारा पलटी नांगर तर फुटाखालीही सहज जातो.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव या प्राचीन वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८ ते १९८३) सुमारे २४० मीटर लांबीचा बांध आणि ४ मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल चर मिळाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी सगळ्यांनी मिळून केलेले हे काम! असा बुजलेला चर वरून सपाट रानासारखाच दिसतो, म्हणून सपाटीकरणात पहिला बळी त्याचा जातो. खरे तर पिकांचे जळके दाणे आणि परागकण त्याच्याच गाळात थरावर थर साठलेले असतात. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खत म्हणून ट्रॉलीने उचलली की तेही जाते.

अशा ठिकाणी पक्का तलांक (उंची मोजण्याची कायमची खूण) बसवून तटाची आजची उंची नोंदवावी आणि एक फूट त्या नोंदीपासूनच धरावा. तट-खंदकाच्या पट्ट्यात नांगरट थांबवून गवत राखावे. पिकाचे नुकसान शेतकऱ्याला भरून द्यावे, त्याच्या माथी मारू नये. कुंपणाचे खांब खंदकाच्या बाहेर रोवावेत. वेडी बाभूळ जेसीबीने उपटू नये, मुळांबरोबर थर उचकटतो. ती जमिनीलगत कापून बुंध्याला लगेच तणनाशक लावावे. पायवाटेने पडलेली घळ तटाचीच माती ओढून बुजवू नये. आधी जिओटेक्स्टाइल (माती धरून ठेवणारे कृत्रिम कापड) अंथरून वर बाहेरचा, वेगळ्या रंगाचा मुरूम टाकावा, म्हणजे पुढच्या उत्खननात जुने काम आणि डागडुजी वेगळी ओळखता येईल.

हे सारे पुढच्या खरिपाच्या नांगरटीआधी व्हायला हवे.

– पुरातत्त्वाचे काही अभ्यासक