थुंकी एकाची, माहिती साऱ्या गोतावळ्याची

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली यांस

सप्रेम नमस्कार.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १७ मध्ये एक सवलत आहे. न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी, अथवा एका कंपनीचा व्यवसाय दुसरीकडे सोपवण्यासाठी डेटा लागत असेल, तर संमतीच्या बहुतेक तरतुदी आणि डेटा पुसून मागण्याचा हक्क तिथे लागू होत नाहीत. डेटा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी राहते. साडीच्या दुकानातल्या ग्राहकयादीला हे एक वेळ चालेल. पण ‘तुमचे हजारो वर्षांपूर्वीचे पूर्वज शोधून देतो’ म्हणत लोकांची थुंकी गोळा करणाऱ्या डीएनए कंपन्यांनाही हीच सवलत मिळावी, हे मला पटत नाही.

मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम पाहतो. पूर्वी नातेवाईक वंशावळीचे कागद, फार तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतली नोंद पाठवत. आता अमेरिकेतले पुतणे-भाचे डीएनएचे अहवाल पाठवतात आणि ‘काका, हेही छापा’ म्हणतात. मी छापत नाही. त्या अहवालात त्यांच्याइतकेच त्यांचे आईवडील आणि चुलत-मावस भावंडेही असतात, आणि त्यांना कोणीच काही विचारलेले नसते.

अमेरिकेतल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या डीएनए कंपनीचे उदाहरण घ्या. २०२३ मध्ये चोरट्यांनी इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून तिची सुमारे १४ हजार खाती उघडली. पण ‘डीएनए नातेवाईक’ शोधून देण्याच्या सोयीतून माहिती गेली ती सुमारे ६९ लाख लोकांची. अश्केनाझी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विक्रीला ठेवल्या गेल्या. वंशावरून याद्या झाल्या की त्यांचे काय होते, हे ज्यूंना कोणी सांगायला नको. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दीड कोटी ग्राहकांच्या जनुकीय माहितीसह ती लिलावात उभी राहिली. एका औषध कंपनीची २५ कोटी ६० लाख डॉलरची बोली आधी सरस ठरली, पण शेवटी संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलर मोजून ती घेतली. मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी लोकांना ‘तुमचा डेटा पुसून घ्या, नमुना नष्ट करायला सांगा’ असे जाहीर आवाहन केले आणि दोन डझनांहून जास्त राज्ये विक्रीविरुद्ध न्यायालयात गेली. उद्या असेच आपल्याकडे झाले आणि एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, हस्तांतर मंजूर केले, तर ग्राहकाने कोणत्या कलमाखाली ‘माझे पुसा’ म्हणायचे?

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ म्हणून ओळखला जाणारा खुनी सापडला, तो वंशावळीच्या एका संकेतस्थळावर दूरच्या नातेवाइकांनी ठेवलेल्या डीएनएवरून. त्याने स्वतः तिथे काहीच दिले नव्हते. खुनी पकडला गेला याचा आनंदच आहे, पण तो रस्ता फक्त खुन्यांकडे जात नाही.

आपल्याकडे यात जात येते, म्हणून माझी काळजी दुप्पट. शतकानुशतके जातीतल्या जातीत लग्ने झाल्यामुळे भारतातले लहान लहान समूह जनुकांतून वेगळे ओळखू येतात. अशा माहितीचा साठा विवाहसंस्था, विमा कंपनी किंवा राजकीय पक्षाच्या हाती लागला तर काय होईल, यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. त्यावर अहवालांची भाषा. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावर ‘आर१ए’ हा वंशगट निघाला की आमच्याकडचे काहीजण ऋषींपर्यंत पोचतात. तोच आर१ए चेंचू आदिवासींतही आढळला आहे. शिवाय वाय गुणसूत्र फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ दाखवते. दहा पिढ्या मागे गेले तर पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात, बाकीच्या १,०२३ जणांबद्दल ती रेघ गप्प असते. अहवालातल्या ‘अमुक टक्के अमुक वंश’ या टक्केवारीचेही तसेच: ती कंपनीने तुलनेला घेतलेल्या नमुन्यांवर ठरते, नमुने बदलले की तुमचे पूर्वजही सरकतात. गोत्र तर यात कुठेच नसते.

विज्ञानाला माझा विरोध नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या सांगाड्यातून डीएनए मिळवून २०१९ मध्ये जो शोधनिबंध आला, त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे होते, याचा अभिमानच वाटतो. पण ते संशोधन होते, हा धंदा आहे.

आपल्याच सरकारच्या २०१९ च्या विधेयकात जनुकीय डेटा आणि जात किंवा जमात, दोन्ही ‘संवेदनशील’ वर्गात होते. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले आणि २०२३ च्या कायद्यातून तो वर्गच गेला. आज मोबाइल नंबर आणि जनुके एकाच तागडीत आहेत. तो वर्ग परत आणा. तोवर निदान या कंपन्यांना ‘महत्त्वपूर्ण डेटा न्यासी’, म्हणजे जादा जबाबदाऱ्या असलेल्या डेटा बाळगणाऱ्या संस्था, म्हणून अधिसूचित करा. तो अधिकार कायद्यातच केंद्र सरकारला दिलेला आहे, त्यासाठी नवी दुरुस्ती लागत नाही. कलम १७ च्या सवलतीतून मात्र जनुकीय डेटा दुरुस्ती करूनच वगळावा लागेल: कंपनी विकली गेली तर प्रत्येक ग्राहकाची नव्याने संमती, आणि उत्तर न आल्यास डेटा नष्ट.

आणखी एक. हा कायदा डिजिटल डेटाचा आहे. थुंकीची नळी डिजिटल नाही. ती किती वर्षे ठेवायची, परदेशी पाठवायची का, नष्ट केल्याचा दाखला कोणी द्यायचा, याबद्दल कायद्यात एक ओळ नाही. हे आरोग्य मंत्रालयाशी बोलून ठरवावे लागेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या या कायद्याच्या नियमांतला मुख्य भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचा आहे. नळीचा निर्णय त्याआधी व्हावा, ही विनंती.

आपला,
एका कुलवृत्तांताचा संपादक, पुणे